गुणवत्तेचा दरवाजा



न्यूयॉर्क शहरात मूल आठवीत गेले की आपल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते, ती विशेष सार्वजनिक हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षेची. तेथे फी नाही, वशिला नाही, कुळ कोणी विचारीत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना वर्गाच्या दाराबाहेर बसावे लागले, त्यांना अशा परीक्षेचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. म्हणूनच या शाळांपैकी सर्वांत नावाजलेल्या स्टायव्हसंट हायस्कूलचा इतिहास आपण डोळसपणे वाचला पाहिजे.

1904 मध्ये ही शाळा निघाली ती मुलांना हातकाम शिकविण्यासाठी. पुढे गर्दी झाली, तेव्हा गुण पाहून प्रवेश देण्यात येऊ लागला आणि 1934 पासून प्रवेश परीक्षा आली. नाझींच्या काळात एका शाळेच्या माळ्यावर लपून वाचलेला रोआल्ड हॉफमन 1949 मध्ये या देशात आला, 1955 मध्ये येथून उत्तीर्ण झाला आणि 1981 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. निर्वासिताच्या मुलाला सरकारी शाळेने दिलेले हे बळ आहे.

परंतु हीच शाळा तब्बल 65 वर्षे मुलींना बंद होती. 1969 मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ती उघडली. त्यापूर्वी या शहरातील मुली बुद्धीने उण्या होत्या, असे कोणी म्हणेल काय?

मग पुढील आकड्यांचा अर्थ कसा लावावयाचा? 1971 च्या राज्य कायद्याने परीक्षा हाच प्रवेशाचा आधार ठरला. 1970 च्या दशकात या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थी शेकडा दहाहून अधिक होते. 2019 मध्ये प्रवेशासाठी निवडलेल्या 895 मुलांत ते केवळ 7 होते. एका समाजाची बुद्धी चाळीस वर्षांत आटत नाही. आटते ती वस्तीतील शाळा, चांगला शिक्षक आणि वेळेवर मिळणारी माहिती.

2018 मध्ये महापौरांनी ही परीक्षा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याला अनेक आशियाई पालकांनी विरोध केला. त्यांत काबाडकष्ट करून मुलांना शिकवण्या लावणारे गरीबही होते. त्यांचे कष्ट खोटे नाहीत. प्रस्ताव बारगळला, परीक्षा कायम राहिली आणि प्रश्नही राहिला.

याच शहरात 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांचीच होती, परंतु शिष्यवृत्तीवाचून ती येथवर पोहोचली नसती. संधी आधी येते, गुणवत्ता मागाहून दिसते. भारतात ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याविरुद्ध कसा वापरला गेला, हे आपण जाणतो. तोच शब्द येथे दुसऱ्यांविरुद्ध आपल्या तोंडी येता कामा नये.

आपल्या मुलांनी ही परीक्षा अवश्य द्यावी, यशस्वी व्हावे. मात्र रविवारी आपण त्यांच्यासाठी जो अभ्यासवर्ग भरवू, त्यात शेजारच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठीही सतरंजी अंथरलेली असावी, एवढीच विनंती.

जयभीम!