पंप रूममध्ये सेन्सर लावा, मग बोलू

विरार-नालासोपाऱ्यात नव्या प्रोजेक्टच्या बोर्डांवर हल्ली 'स्मार्ट होम' लिहिलेलं दिसतं. मोबाईलवरून दिवे, बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, आवाजावर चालणारा पंखा. आणि सेल्सवाले तक्रार करतात की इथल्या गिऱ्हाईकाला याचं काही नाही, तो फक्त रेट विचारतो.

मला हे पटत नाही. चहावाल्याला यूपीआयने दहा रुपये देणारा, मोबाईलवर तिकीट काढून पहाटेची लोकल पकडणारा माणूस टेक्नॉलॉजीला घाबरतो म्हणे! तो घाबरत नाही, हिशोब करतो.

बोळींज आठवा. म्हाडाची हजारो घरं तिथे वर्षानुवर्षं विक्रीविना पडून होती. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणूनही लोक येईनात. किंमत हे एक कारण, पाणी त्याहून मोठं. २०२३ च्या अखेरीस सूर्या योजनेचं पाणी वसई-विरारला मिळू लागलं आणि मग त्या घरांना मागणी आली. नळाला पाणी नसेल तर आवाजावर चालणाऱ्या पंख्याचं काय करायचं?

सॅम्पल फ्लॅटमध्ये स्क्रीनच स्क्रीन असतात, पण पंप रूम कोणी दाखवत नाही. खरं तर सेन्सरची गरज तिथे आहे. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, नाहीतर रात्री गच्चीवरून पाणी वाहतं आणि सकाळी वॉचमनला शिव्या पडतात. टँकरच्या पाइपला मीटर हवा. दहा हजार लिटरचे पैसे देतो, टाकीत किती पडतं ते कुणी मोजलंय? वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडेल अशी यंत्रणा हवी. आपल्याकडे वीज किती जाते हे वेगळं सांगायला नको. अशा गोष्टींना वसईकर आनंदाने पैसे देईल.

दाराचा कॅमेराही निरुपयोगी नाही बरं का. मुलगा-सून रात्री नऊला घरी येतात, म्हातारी आई दिवसभर एकटी. बेल वाजली की बाहेर कोण आहे ते तिला आधी दिसलं तर केवढा आधार! पण आमच्या सोसायटीत हे व्हिडिओ डोअर फोन तिसऱ्या वर्षी बंद पडले. कंपनी म्हणते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. बिल्डर फोन उचलत नाही. आज ते भिंतीवर नुसते लटकलेत.

म्हणून बुकिंगआधी भांडा. रेराच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर तो बिल्डरने फुकट आणि तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. करारानुसार बिल्डरवर असलेल्या इतर जबाबदाऱ्याही त्यात येतात. त्यामुळे यंत्राचं नाव, वॉरंटी, सर्व्हिस कोण देणार हे सगळं ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. ॲपचा पासवर्ड ताबा देताना सोसायटीच्या हातात आला पाहिजे, हेही लिहा. सेल्सवाला "ब्रोशरमध्ये आहे ना सर" म्हणाला, तर त्याला सांगा, मग ॲग्रीमेंटमध्ये घालायला हरकत काय?

आणि जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड आधी स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. त्यावर थांबू नका, बांधकाम परवानगी महापालिकेतही तपासा. अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती पाडल्या तेव्हा रस्त्यावर आलेल्या लोकांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती.

तुमच्या बिल्डिंगमधलं काय अजून चालू आहे आणि काय बंद पडलंय, कमेंटमध्ये लिहा. कितव्या वर्षी बंद पडलं आणि दुरुस्तीला किती मागितले, तेही लिहा.