नाव ठेवण्याचा हक्क कोणाचा?

विज्ञान बाई-पुरुष भेद करत नाही, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. मग विज्ञानाने वाटलेली नावंच तपासून पाहू.

ग्रीक पुराणातला योद्धा अकिलीस. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या कंडरेला त्याचं नाव. जखमांवर लावल्या जाणाऱ्या एका वनस्पतीचं शास्त्रीय नाव 'अकिलिया'. १९०६ मध्ये गुरूच्याच कक्षेत फिरताना सापडलेला पहिला लघुग्रहही अकिलीस. ज्याने रणांगणावर माणसं कापली, त्याचंच नाव औषधालाही!

आणि बायका? थेटिसने मुलाला स्टिक्स नदीत बुडवलं. तिने धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली. तीच टाच आज दुबळेपणाची खूण झाली आहे. धरणारा आईचा हात कुणाला आठवत नाही.

'बायकांचीही नावं लघुग्रहांना आहेत की!' असं कुणी म्हणेल. आहेत. पण कशी? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, चाकोरीत फिरणाऱ्या लघुग्रहांना बायकांची नावं द्यायची. १८९८ मध्ये सापडलेल्या 'इरॉस'सारख्या चाकोरीबाहेरच्यांना पुरुषांची. हा संकेत खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ पाळला. पट्ट्यातल्या एकाला एडिसनचं नाव द्यायचं ठरलं, तर त्याचंही 'एडिसोना' केलं! थेटिस पट्ट्यात, युद्धात लुटलेली ब्रिसेईस पट्ट्यात, वाऱ्यासाठी बळी दिलेली इफिजेनियाही पट्ट्यात. तिचा बळी देणारा बाप अगामेम्नॉन मात्र अकिलीसबरोबर वीरांच्या रांगेत. हा नियम कुठल्या गणितातून निघाला?

नाव ठेवणाऱ्याच्या हाती सत्ता असते. लग्नात ताटातल्या तांदळावर आपलं नवं नाव दुसऱ्याने लिहिलेलं पाहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या पोटातल्या गर्भनलिकाही सुटल्या नाहीत. त्यांना सोळाव्या शतकातल्या फॅलोपिओ या इटालियन पुरुषाचं नाव चिकटलं. शरीररचनेची आंतरराष्ट्रीय परिभाषा आज अशी व्यक्तिनामं टाळते. दवाखान्यांत आणि पुस्तकांत ती चालूच आहेत.

मैत्रिणींनो, आरोग्य शिबिरांत आपण गर्भनलिका म्हणू, टाचेची कंडरा म्हणू. अवयव कुठे आहे, काय काम करतो, हे या शब्दांतून कळतं. आणि विज्ञानाच्या वर्गात मुलींना एक प्रश्न विचारायला शिकवू: हे नाव कुणी ठेवलं, आणि तेव्हा आम्हाला विचारलं होतं का?