चूक दिल्लीची, नाव जबलपूरचे

सदर हा जबलपूरच्या लष्करी छावणीतील बाजार. तेथून फारशा दूर नसलेल्या इमारतीत मध्य प्रदेश उच्च न्यायालय भरते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र हे शहर प्रथम भेटते ते 'ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला' या खटल्याच्या नावातून. स्वतंत्र भारतातील सर्वाधिक टीका झालेल्या निकालांपैकी हा एक. त्याच्या कुप्रसिद्धीत एक गोष्ट झाकली गेली आहे. जबलपुरात दिलेला निर्णय योग्य होता; चूक झाली ती दिल्लीत.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद करण्यात आला. 'मिसा'खाली स्थानबद्ध झालेल्या शुक्ला यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. अशी याचिका ऐकताच येत नाही, हा सरकारचा आक्षेप जबलपूरच्या न्यायमूर्तींनी फेटाळला. अटकेचा आदेश निदान 'मिसा' कायद्याला तरी धरून आहे काय, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला उरतो, अशी त्यांची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह एकूण नऊ उच्च न्यायालयांचा कौल याच दिशेने गेला. (१९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच उच्च न्यायालयाच्या छायेत होते, याचे येथे स्मरण होते.) सरकारपक्ष अपिलात गेला आणि अपीलकर्ता म्हणून जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचे पदनाम खटल्याच्या शीर्षस्थानी आले.

सर्वोच्च न्यायालयात स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्यांत मूळचे सासवडचे व्ही. एम. तारकुंडे होते. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयीन उपाय नाही, असे उत्तर मिळाले. युक्तिवादाचे टोक याहून स्पष्ट कुणीच दाखवू शकले नसते. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी तोच युक्तिवाद मान्य झाला.

ते चौघे अल्पज्ञ नव्हते. सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती, सारेच व्यासंगी. १९४१ मध्ये युद्धकाळातील ब्रिटनमध्ये अशाच प्रकरणी एकटे पडलेल्या लॉर्ड ॲटकिन यांचे मतही त्यांना ठाऊक होते. उणीव विद्वत्तेची नव्हती, सत्तेवर ठेवलेल्या भाबड्या विश्वासाची होती. स्थानबद्धांची काळजी जवळजवळ मातेच्या मायेने घेतली जाते, असे न्या. बेग यांनी लिहिले. अनर्थ घडणार नाहीत, अशी आशा न्या. चंद्रचूड यांनी व्यक्त केली. वास्तविक त्याआधीच, मार्च १९७६ मध्ये, केरळात राजन नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून नेले होते. त्याच्या वडिलांना न्यायालयापुढे उभे राहता आले ते आणीबाणी उठल्यावर; १९७७ मध्ये केरळ सरकारने त्याचा मृत्यू पोलीस कोठडीत झाल्याचे मान्य केले.

विरोधी मताची किंमत न्या. खन्ना जाणून होते. हे मत आपले सरन्यायाधीशपद घालवील, असे त्यांनी बहिणीला आधीच सांगितले होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांची नियुक्ती झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. मुंबईच्या काही वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला हरकत घेतली होती. त्याच चंद्रचूडांनी १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जीवनाच्या हक्कात गणला. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडले, ही बाब टीकाकारांनी आणि चाहत्यांनीही सहसा सोयीने विसरली आहे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. निवृत्त न्या. भगवती यांनी २०११ मध्ये आपल्या मताबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. निकाल मात्र औपचारिकरीत्या रद्द होण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खासगीपणाच्या हक्कावरील नऊ सदस्यीय घटनापीठाच्या प्रमुख निकालपत्रात, वडिलांचे ते मत गंभीररीत्या सदोष असल्याचे धनंजय चंद्रचूड यांनीच नमूद केले. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांच्यानंतर सरन्यायाधीशपदाची शपथ घेणारे न्या. संजीव खन्ना हे हंसराज खन्ना यांचे पुतणे होत.