सोय कोणाची, शरीर कोणाचे?



सध्या मी लेकीकडे सिंगापूरला आहे. मागच्या महिन्यात वॉटरलू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये शब्बाथची प्रार्थना संपल्यावर माझ्याच वयाच्या एका बाईंनी मला बाजूला घेतले. त्यांची नात पंधरा वर्षांची, पण समज चार वर्षांच्या मुलीएवढी. पाळीच्या दिवसांत घरात फार ओढाताण होते. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सिस्टर, हिची नसबंदी करून टाकली तर? आमच्यामागे हिचे कोण आहे?"

ही काळजी खोटी नाही. तिला नावे ठेवणाऱ्याने एक आठवडा त्या घरात राहून पाहावे. तरीही मी त्यांना "नको" म्हटले. का, ते सांगते.

नसबंदीत गर्भनलिका बांधतात. तिने पाळी थांबत नाही. हा गैरसमज मी नोकरीत कितीदा ऐकला! ऑपरेशनने पाळी हमखास कायमची बंद करायची तर गर्भाशयच काढावे लागते, आणि ते मोठे ऑपरेशन आहे. शिवाय यांतल्या कशानेही मुलगी वाईट माणसापासून सुरक्षित होत नाही. दिवस राहत नाहीत एवढेच. उलट, अत्याचार झाला तर तो लपून राहणे सोपे होते.

आपल्या महाराष्ट्रात हे घडले आहे. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले स्वच्छतेचे. लोकांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. त्या मुलींना कोणी विचारले होते?

सिंगापूरचाही अनुभव शिकण्यासारखा आहे. येथे नसबंदीचा कायदा 1970 मध्ये आला. नावातच 'ऐच्छिक' शब्द होता. 1972 पासून 'दोनच पुरे'चा प्रचार झाला, नसबंदी केलेल्यांच्या मुलांना शाळाप्रवेशात प्राधान्य मिळू लागले. 1984 मध्ये तर कमी शिकलेल्या, कमी मिळकतीच्या तरुण आयांना एक-दोन मुलांवर नसबंदी केल्यास 10,000 डॉलर देऊ केले. गरिबाच्या दारात एवढी रक्कम ठेवली की इच्छा कसली उरते? 1987 मध्ये वारे फिरले आणि परवडत असेल तर तीन मुले होऊ द्या, असे सरकारच सांगू लागले. सरकारचे धोरण बदलले. बांधलेल्या नळ्या मात्र सहसा पूर्ववत होत नाहीत.

एक गोष्ट मात्र येथे चांगली झाली. पूर्वी मानसिक दुर्बल व्यक्तीच्या वतीने नवरा, आईबाप किंवा पालक संमती देऊ शकत. 2012 च्या दुरुस्तीनंतर ज्याला स्वतः समजून निर्णय घेता येत नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो. हे मला योग्य वाटते. प्रेम असले तरी दमलेल्या माणसाचा निर्णय तिसऱ्याने तपासावा.

धर्माचे म्हणाल, तर मॉर्मन पंथ केवळ संततिनियमनासाठी नसबंदी करू नये असे सांगतो, पण अखेरचा निर्णय नवरा-बायकोवर सोडतो. आपला तोरा जनावराचेही प्रजननाचे अवयव निकामी करू देत नाही (लेवीय 22:24). जिवावर बेतले तर जीव वाचवणे आधी, हेही आपण जाणतो. पण इतरांची सोय म्हणजे जिवावर बेतणे नव्हे.

मग करायचे काय? मी त्या बाईंना सांगितले : चित्रे दाखवून, बाहुलीवर करून पॅड बदलायला शिकवा, रोज तेच, त्याच वेळी. रक्तस्राव किंवा दुखणे जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून औषध घ्या; पाळी कमी करणारे, पुढे बंद करता येणारे उपाय आहेत. कोणी अंगाला हात लावला तर "नको" ओरडायला शिकवा. आणि तुमच्यामागे तिला कोण पाहणार, ते आजच कागदावर लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. पण तीच खरी चिंता होती, आणि तिच्यावर सुरी चालत नाही.