ढोल ऐकला, दावा नाही

‘मुक्यांना वाचा देऊ या’ असे म्हणणाऱ्या सद्‌भावी मंडळींशी आमचा वाद आहे. होंडुरासच्या किनाऱ्यावरील गारिफुना लोक मुके कधी होते? आफ्रिकी आणि कॅरिबियन मूळनिवासी अशा दुहेरी वारशाचा हा समाज. १७९७ मध्ये इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार केले. भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. २००१ मध्ये युनेस्कोने तीच भाषा, नृत्य व संगीत मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविले.

याच लोकांनी वडिलोपार्जित जमीन मागितली, तेव्हा जग बहिरे झाले. २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ‘त्रिउन्फो दे ला क्रूस’, म्हणजे ‘क्रुसाचा विजय’, या गावाच्या बाजूने निकाल दिला. तो कागदावरच राहिला. जुलै २०२० मध्ये गावचे पुढारी स्नायडर सेंतेनो यांच्यासह चौघा गारिफुनांना पोलिसी गणवेशातील सशस्त्र इसमांनी पळवून नेले. ते परतले नाहीत.

तेव्हा, वाचकहो, वाचा देण्याचा मोठेपणा नको. ज्यांच्या ढोलावर आपण माना डोलावतो, त्यांची मागणी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावानिशी पुढे न्यावी. वाण वाचेची नाही, कानांची आहे.