तिनं सांगितलं, पण ऐकलं कोणी?

बायकांच्या खुनांवरच्या चित्रपटाबद्दल आपल्या अंकात कशाला लिहायचं, असं काही मैत्रिणींना वाटेल. असले चित्रपट मीही एरवी टाळतेच. बाईचं प्रेत, मग पावसात धावणारा देखणा पोलीस, मग हुशार खुनी. यात बाईचं काम मरण्यापुरतं. पण बोंग जून-हो या दक्षिण कोरियन दिग्दर्शकाचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) टाळण्यासारखा नाही. त्यावर आपण भांडलं पाहिजे, आणि भांडण्याच्या लायकीचा तो आहे.

चित्रपट खऱ्या घटनांवर बेतलेला आहे. सोलच्या दक्षिणेला ह्वासाँग हा तेव्हा शेतीभातीचा भाग होता. तिथे १९८६ ते १९९१ या काळात दहा बायका-मुलींचे खून झाले. पोलिसांनी वीस हजारांहून अधिक माणसांची चौकशी केली, तरी खुनी सापडला नाही. या प्रकरणावर आधी एक नाटक आलं होतं, त्यावरून हा चित्रपट झाला. गावातला पार्क दू-मान हा पोलीस माणसाच्या डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखतो, असं स्वतःच सांगत फिरतो. सोलहून आलेल्या सो ते-यूनचा विश्वास कागदपत्रांवर. दोघांची पहिली भेटच बोलकी आहे. सो रस्त्यावर एका बाईला काही विचारायला जातो, ती घाबरून पडते, आणि पार्क त्यालाच खुनी समजून लाथ घालतो. अनोळखी पुरुष जवळ आला एवढ्यानंच बाई घाबरते, हे गावाचं चित्र दिग्दर्शकानं एका प्रसंगात उभं केलं आहे.

चित्रपटाचं मोठं बळ म्हणजे पोलीस चौकी. तिथला एक पोलीस, चो, संशयिताला लाथा घालताना बुटावर कापड चढवतो, म्हणजे वळ उठू नयेत. मतिमंद मुलाला पकडून त्याच्याकडून कबुली घोकून घेतात, त्याच्या बुटानं पावलाचा खोटा ठसा उमटवतात. मारून झालं की मारणारे आणि मार खाणारा एकत्र बसून नूडल्स खातात आणि टीव्हीवर पोलिसांचीच मालिका बघतात! हसू येतं आणि त्याच वेळी पोटात कालवतं. कामानिमित्त चौक्यांत तासन्‌तास बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

एक प्रसंग मात्र आपल्याकडच्या बहुतेक परीक्षणांतून निसटला आहे. खाणावळीत टीव्हीवर बुचॉनच्या खटल्याची बातमी चालू असते. तरुण मंडळी पोलिसांना नावं ठेवत असतात. चो पिसाळतो, टीव्ही फोडतो, मारामारी होते. ज्यांना बुचॉन माहीत नाही त्यांना ही नुसती दारूच्या नशेतली भांडाभांडी वाटेल. बुचॉनच्या पोलीस ठाण्यात जून १९८६ मध्ये क्वोन इन-सुक या विद्यार्थिनी कार्यकर्तीवर एका पोलिसानं लैंगिक अत्याचार केला होता. कारखान्यात कामाला लागण्यासाठी तिनं दुसऱ्याच्या नावाची कागदपत्रं वापरली, एवढा तिचा गुन्हा. तिनं गप्प न बसता तक्रार केली. लष्करी राजवटीनं प्रचार केला, की हे डावे लोक शरीराचंही हत्यार करतात. पोलिसावर खटला भरायलाच सरकारी वकिलांनी नकार दिला आणि शिक्षा झाली ती तिलाच, दीड वर्षाची. बायकांच्या संघटनांनी आणि वकिलांनी विषय लावून धरला, आणि १९८९ मध्ये त्या पोलिसाला पाच वर्षांची शिक्षा झाली. मथुरा प्रकरणानंतर आपण रस्त्यावर उतरलो, तसंच काहीसं तिथे घडलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये तिथल्या स्त्री-संघटनांचा महासंघ उभा राहिला, त्यामागे ही लढाई होती. क्वोन पुढे स्त्री-अभ्यासाची प्राध्यापक झाली, २०२० मध्ये संसदेत गेली.

दिग्दर्शकानं ही बातमी सहज टाकलेली नाही. ज्या पोलिसांच्या कोठडीत बाई सुरक्षित नाही, त्यांच्याच हाती बायकांच्या खुनांचा तपास आहे. पुढे खुनाचा अंदाज येऊन चौकी जादा कुमक मागते, तर सगळे शिपाई निदर्शनं मोडायला गेलेले. एका रात्री युद्धाच्या सरावासाठी गावातले दिवे मालवतात, शटर ओढली जातात, आणि त्याच अंधारात एक शाळकरी मुलगी मारली जाते. मनुष्यबळ कमी होतं असं नाही. ते कुणाविरुद्ध वापरायचं हे ठरलेलं होतं.

इथवर मी या चित्रपटाच्या बाजूनं आहे. माझी तक्रार पुढे आहे.

तपासात खरे धागे कोण देतं ते बघा. खुनाच्या प्रत्येक रात्री रेडिओवर एका विशिष्ट गाण्याची फर्माईश आलेली असते, हे क्वोन क्वी-ओक या महिला पोलिसाच्या लक्षात येतं. खुन्याचे हात मऊ होते, हे हल्ल्यातून वाचलेली एक बाई सांगते, आणि तेवढ्यावरून एक निरपराध माणूस सुटतो. अगदी शेवटी, २००३ सालात, पोलिसाची नोकरी सोडलेला पार्क पहिलं प्रेत सापडलं त्या नाल्यापाशी येतो. काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस इथे डोकावून गेला, दिसायला अगदी साधा होता, हे त्याला एक लहान मुलगीच सांगते. म्हणजे बायका-मुली सांगताहेत, पुरुष मारताहेत आणि ढोर मेहनत करताहेत. हे चित्रपटातच आहे, पण चित्रपट त्याच्यापाशी थांबत नाही. क्वी-ओकला लाल कपडे घालून पावसात आमिष म्हणून चालवतात आणि मग ती जवळजवळ विसरली जाते. वाचलेल्या बाईनं इतके दिवस तोंड का उघडलं नसेल, ती आता कशी जगते, याला जागा नाही. सहानुभूती सगळी त्या दोन पोलिसांच्या हताशपणाला.

मेलेल्या बायकांचं तर विचारूच नका. त्यांचं उघडं शरीर, हातपाय बांधण्याची पद्धत, शवविच्छेदनात काय निघालं, सगळं कॅमेरा दाखवतो. त्या काय काम करत, घरी त्यांची वाट कोण बघत होतं, हे जेमतेम कळतं. एका प्रसंगात तर टेकडीवर दबा धरलेल्या खुन्याच्या शेजारी आपल्याला बसवलं आहे. खालून पार्कची मैत्रीण जाते, समोरून शाळकरी मुलगी येते, दोघींतली कुठली, हे तो ठरवतो आणि आपण श्वास रोखून बघतो. तंत्र म्हणून बिनतोड, पण मला त्या जागी बसायचं नव्हतं. वस्तीतल्या बायकांना आम्ही हा चित्रपट दाखवला, तेव्हा धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका ताईंनी नंतर पहिलाच प्रश्न केला, “त्या नाल्यातल्या बाईचं नाव काय होतं हो?” मला सांगता आलं नाही, कारण ते लक्षात राहील अशी सोय चित्रपटात नाही.

आणि ‘पावसाची रात्र, लाल कपडे, तरुण बाई’ हे सूत्र. प्रत्यक्षात पहिली बळी ७१ वर्षांची होती. लाल रंग घालू नका, रात्री निघू नका, हे ह्वासाँगच्या बायकांनाही सांगितलं गेलंच असेल. आपल्याला कुठे वेगळं सांगतात? तक्रार द्यायला गेलेल्या बाईला ‘एवढ्या उशिरा तिथे काय करत होतीस?’ हा प्रश्न मी स्वतः कितीदा ऐकला आहे.

खुनी सापडला २०१९ मध्ये, डीएनएच्या चाचणीतून. ली चुन-जे हा माणूस १९९४ पासून तुरुंगातच होता. घरात तो बायको-मुलाला मारायचा. बायको निघून गेली, त्यानंतर त्यानं मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केला. त्यानं एकूण चौदा खुनांची कबुली दिली. त्यातली एक शाळकरी मुलगी १९८९ पासून ‘बेपत्ता’ होती; तिचे अवशेष सापडूनही तेव्हाच्या पोलिसांनी ते दडवले होते, असं फेरतपासात निघालं. पण ह्वासाँगच्या खुनांबद्दल त्याच्यावर खटला होऊ शकला नाही, कारण खुनासाठीची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच संपली होती. ही मुदतच कोरियानं २०१५ मध्ये रद्द केली, पण जुन्या गुन्ह्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

दहापैकी आठव्या खुनासाठी युन संग-यो नावाच्या, पोलिओनं पाय अधू झालेल्या मजुराला १९८९ मध्ये पकडलं होतं. झोपू न देता कबुली घेतली. वीस वर्षं त्यानं तुरुंगात काढली आणि डिसेंबर २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. म्हणजे २००३ साली पन्नास लाख कोरियन प्रेक्षक हा चित्रपट बघत होते तेव्हा खुनी आत होता आणि चित्रपटातल्या त्या कबुलीसारखीच कबुली दिलेला निरपराधही आत होता. युनच्या फेरखटल्यात लीची साक्ष झाली. तुरुंगात हा चित्रपट बघितला, विशेष काही वाटलं नाही, असं तो म्हणाला. दिग्दर्शकानं शेवटी पार्कला थेट कॅमेऱ्यात बघायला लावलं आहे, खुनी प्रेक्षागृहात असेल तर दोघांची नजरानजर व्हावी म्हणून.

शिबिरात दाखवणार असाल तर शवविच्छेदनाचा भाग पुढे ढकला, मी तसंच करते. टीव्ही फोडण्याच्या प्रसंगाशी थांबून बुचॉनची हकिगत आधी सांगा. नंतर बोलायला दीड-दोन तास हाताशी ठेवा. आमच्याकडे चर्चा पहिल्या दहा मिनिटांतच कोरिया सोडून कोपऱ्यावरच्या चौकीवर आली होती.