नवे नाक ही हौस नव्हे

नाकाची प्लास्टिक सर्जरी म्हटले की चेहरा सुबक करून घेण्याची हौस डोळ्यांसमोर येते. कर्करोगात, अपघातात किंवा संसर्गात नाक गमावलेल्या रुग्णाची गरज मात्र वेगळी असते. श्वास नीट घेता यावा आणि तोंड न झाकता घराबाहेर पडता यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

नाकाचा मोठा भाग गेला असेल तर कपाळाची त्वचा वापरतात. तिचा रंग आणि पोत नाकाशी जुळतो. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीसह त्वचेची पट्टी सोडवून ती खाली वळवतात आणि नाकाच्या जागी शिवतात. पण नुसती त्वचा पुरत नाही. आतून अस्तर आणि मध्ये कूर्चेचा आधार नसेल, तर नवे नाक आक्रसते. ही कूर्चा कानातून किंवा बरगडीतून घेतात. पट्टीचा देठ साधारण तीन आठवडे तसाच ठेवावा लागतो, कारण तोवर नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळते. त्यानंतर दुसरी, कधी तिसरी शस्त्रक्रिया होते.

या तंत्राचा पुण्याशी जुना संबंध आहे. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ एका पारंपरिक वैद्याने कपाळाच्या त्वचेचे नाक बसवले. त्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. देठ सुमारे पंचविसाव्या दिवशी कापतात, अशी नोंद त्यातही आहे.

आजचा प्रश्न खर्चाचा आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार प्लास्टिक सर्जरीचा खर्च विम्यातून वगळता येतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. संसर्गाचा तिथे स्वतंत्र उल्लेख नाही. अशा रुग्णाला आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने अनेकांचे चेहरे विद्रूप केले. जखम भरल्यावर होणाऱ्या पुनर्रचनेत ‘तातडी’ कशी दाखवायची?

नाक कशामुळे गेले, यावरून गरज बदलत नाही. संसर्गानंतरची पुनर्रचनाही अपवादांच्या यादीत स्पष्टपणे यायला हवी. तोवर रुग्णांनी पहिल्या शस्त्रक्रियेआधीच सर्व टप्प्यांचा अंदाजे खर्च आणि वैद्यकीय कारण डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. देठ कापायच्या वेळी पैशांसाठी थांबणे परवडणारे नाही.